दादाच्या वजनाचं तेल

बारकीला पहिल्यांदा बारकी कोण म्हणालं, तर तिचा दादाच. ती जन्मली तेव्हा तो पाच वर्षांचा होता, आणि पाळण्यात डोकावून त्याने जे नाव ठेवलं ते चिकटलं ते चिकटलंच. आता बारकी अठ्ठेचाळीस वर्षांची, वजन चौऱ्याहत्तर किलो, आणि मनगट असं की गंजून बसलेला नटसुद्धा तिचा पाना लागला की मुकाट्याने सुटायचा. तरी बारकीच. घरच्यांनी एकदा नाव ठेवलं की मग तुम्ही केवढेही व्हा, सुटका नाही.

दोघांचं मिळून एक गॅरेज होतं. वरच्या मजल्यावर दादा आणि वहिनी राहायचे, बारकी दोन गल्ल्या सोडून एकटी. गॅरेजमध्ये काम एकच व्हायचं: मोटरसायकलची पुढची बाजू. इंजिन बिघडलंय, दिवा लागत नाही, चेन तुटलीय, तर चौकात जा बाबा, आमच्याकडे नको. पण ब्रेक मारला की गाडी पुढे बुडी मारते, वळणावर हँडल थरथरतं, खड्ड्यातून गेलं की हात बधिर होतात, असं काही असेल तर लोक शहराच्या दुसऱ्या टोकाहून इथे यायचे. पुढच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन जाड नळ्या असतात ना, फोर्क म्हणतात त्याला, त्यांच्या आत एकेक लांब स्प्रिंग असते आणि पेलाभर तेल. चाक खड्ड्यात गेलं की स्प्रिंग दबते, आणि ते तेल बारीक भोकांतून वरखाली होत तिला आवरून धरतं. दोन-तीन वर्षांत ते काळं पडतं, पातळ होतं, त्याला कुजक्या माशासारखा वास येतो, आणि मालक म्हणतो, गाडी म्हातारी झाली. डोंबलाची म्हातारी! पेलाभर तेल बदला, ती पुन्हा शहाण्यासारखी वागते. पण इंजिनचं तेल सगळ्यांना आठवतं, हे कुणाला आठवत नाही.

बहीणभावांची वाटणी पक्की होती. बारकी गाडी खोलायची, दादा गाडी चालवायचा. बारकी चालवत नसे. अंगणातून काढून रस्त्याच्या कडेला लावण्यापुरती चालवायची, तीही पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय जमिनीला घासत. आणि दादा पान्याला हात लावत नसे, कारण त्याने लावला की काहीतरी तुटायचंच. तेल बदलून झालं की दादा कातडी जाकीट चढवायचा आणि गाडी घेऊन निघायचा. शाळेच्या भिंतीलगतचा उतार, मग फरशीचा खडबडीत रस्ता, पाण्याच्या टाकीला वळसा, आणि परत. सात मिनिटं. परत आला की तो एकच वाक्य बोलायचा.

"डोकं घालते." म्हणजे ब्रेकला पुढून जास्त दबते. "रुसलीय." म्हणजे तेल जड झालंय, चाक खड्ड्यात उतरायलाच तयार नाही. "ऐकते, पण उशिरा." हे वळणाचं. आणि शेवटी "शहाणी झाली" असं आलं की गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली. बारकीच्या वहीत प्रत्येक वाक्यासमोर माप होतं: डोकं घालत असेल तर दोन्ही नळ्यांत दहा-दहा मिली जास्त, नाहीतर एक नंबर जाड तेल, रुसली असेल तर एक नंबर पातळ. बावीस वर्षं हे असं चाललं होतं. दादाचं वाक्य आणि बारकीचं माप, आणि त्यात कधी बोट ठेवायला जागा सापडली नाही. गिऱ्हाइकं गमतीने म्हणायची, या दोघांना मिळून एकच डोकं आहे, ते दादाच्या खांद्यावर असतं आणि हात बारकीला असतात. दादा खूश व्हायचा. बारकी खोटं खोटं रागवायची.

त्या वर्षी दादा "रुसलीय" जरा जास्तच म्हणायला लागला. आज एक गाडी रुसली, उद्या दुसरी, परवा तिसरी.

"हे नवे डबे बेकार आहेत बघ," तो म्हणायचा. "वर लिहितात दहा नंबर आणि आत भरतात पंधरा. चोर लेकाचे."

बारकी मान डोलवायची आणि तेल काढायची. गाडीचं पुढचं चाक पुन्हा काढा, ब्रेक तारेने वर टांगा, नळ्या खाली ओढा, उलट्या करून दहा वेळा दाबा, तेल निथळू द्या, मग पातळ तेल भरा, थोडं कमीच भरा. दादा पुन्हा फेरी मारायचा. "अजून रुसलीय गं." पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला केव्हातरी "शहाणी झाली" यायचं, आणि बारकी कपाळाचा घाम पुसायची. तिच्या मनात एकदाही आलं नाही की दादा चुकत असेल. घड्याळ चुकेल, डबेवाले फसवतील, पण दादा कसा चुकेल?

आणि एका सकाळी बेकरीवाला आला. दंडाला पट्टी, कोपर खरचटलेलं, आणि रिकामी हातगाडी ढकलावी तशी स्वतःची मोटरसायकल ढकलत.

"बारके," तो म्हणाला, "मी गाडी तुझ्याकडे नीट करायला दिली होती, की लोकांना मला रस्त्यावरून उचलायला लावायला?"

बेकरीवाला म्हणजे शंभर किलोचा ऐवज. तोंडाने कायम हसरा. त्या दिवशी मात्र नाही. पंधरा दिवसांपूर्वीच त्याच्या फोर्कचं तेल इथे बदललं होतं. उतारावर समोर कुत्रं आलं, त्याने ब्रेक दाबला, आणि गाडीचं पुढचं तोंड जे खाली गेलं ते खट् करून बसलंच. चाक घसरलं. पावाच्या दोन पेट्या रस्त्यावर, आणि त्यांच्यावर हा.

"माझं सोड," तो म्हणाला. "रोज या वेळेला बायको मागे असते. आज तिचं डोकं दुखत होतं म्हणून घरी राहिली."

बारकीने तिथल्या तिथे गाडी खोलली. दोन्ही नळ्यांत तेल सारखं होतं, वहीत लिहिलं होतं तेवढंच, एक थेंब इकडेतिकडे नाही. गळती नाही, स्प्रिंग धड. चूक कुठेच नव्हती. शंभर किलोच्या माणसाच्या गाडीत इतकं पातळ तेल आपण कसं भरलं, असं मात्र तिला त्या मापाकडे बघून पहिल्यांदा वाटलं. भरलं, कारण दादा म्हणाला. तिने कुणाला न विचारता जाड तेल भरलं, वरून दहा मिली जास्त घातलं, आणि बेकरीवाल्याला हात जोडले.

त्याच आठवड्यात टपालवाला येऊन म्हणाला, गाडी बुडी मारते. मग आणखी एक जण. सगळे अंगापिंडाने भरलेले. बारकीची झोप उडाली.

आणि मग नर्सबाई आल्या. नर्सबाई म्हणजे फुंकर मारली तर उडतील अशा, जेमतेम पन्नास किलोच्या. त्यांचीही गाडी त्याच महिन्यात झाली होती. बारकी त्यांना बघून दाराआड व्हायच्या बेतात होती.

"अहो, तुम्ही काय जादू केलीत?" नर्सबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं गाडी चालवते, पण आत्ता कुठे ती माझी वाटतेय. फरशीवरून जाते तर कळतसुद्धा नाही! दादांना सांगा हं माझ्याकडून."

बारकी हसली, बरं म्हणाली. नर्सबाई गेल्या. बारकी तेलकट हात तसेच घेऊन स्टुलावर बसली आणि एकेक गाडी आठवू लागली. जाड माणसं पडत होती आणि पन्नास किलोची बाई खूश होती. म्हणजे बारकीने सहा महिने सगळ्या गाड्या पन्नास किलोच्या माणसासाठी केल्या होत्या. आणि प्रत्येक गाडी पास केली होती दादाने. तिच्या एकोणऐंशी किलोच्या दादाने.

आता हे ताडून बघायची रीत तिला माहीत होती. गाडी मोकळी उभी असताना फोर्कची चकचकीत नळी बाहेर किती दिसते ते मोजायचं, मग माणसाला बसवायचं आणि पुन्हा मोजायचं. गाडी तेवढी खाली बसते. या मापाला तेलाशी काही देणंघेणं नसतं. यात फक्त स्प्रिंग आणि माणूस. दादाच्या स्वतःच्या गाडीचं हे माप दर वर्षीचं वहीत होतं: तीस, तीस, एकतीस, तीस.

दुपारी ती म्हणाली, "दादा, जरा बस रे तुझ्या गाडीवर. तेल बदलायला झालंय, माप घेते."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त काढू?"

तो जाकीट घालूनच बसला. उकडत होतं, तरी जाकीट. बारकी पट्टी घेऊन पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. मोजलं. डोळे चोळून पुन्हा मोजलं. दादाला म्हणाली, एकदा उठून परत बस. तिसऱ्यांदा मोजलं.

एकोणीस मिलीमीटर.

स्प्रिंग जुनी होऊन खचली तर माप वाढतं. कमी कधीच होत नाही. कमी व्हायला एकच कारण असतं. ती चाकापाशी बसून राहिली, मान वर करायचं धाडस होईना. अकरा मिलीमीटर भाऊ कमी झाला होता, आणि रोज आठ तास शेजारी उभं राहून तिला पत्ता नव्हता. तिला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली.

"किती आलं?" वरून दादाने विचारलं.

"तीस," बारकी म्हणाली.

"बघ!" दादा केवढा खूश झाला. "आहे तसाच आहे मी."

तो बाहेर गेल्यावर ती जिना चढून वहिनीकडे गेली. वहिनी खिडकीशी बसून दादाची पॅंट कमरेत आवळत होत्या. शेजारी अशा आणखी तीन.

"वहिनी, दादाला काय झालंय?"

वहिनींनी सुई खाली ठेवली. बारकीकडे बघितलं नाही. उठून कपाट उघडलं आणि चादरींच्या खालून दवाखान्याची फाईल काढून तिच्या हातात दिली. बारकीला त्यातलं काही वाचता येईना. अक्षरं दिसत होती, पण डोक्यात शिरत नव्हती.

"पोटात आहे," वहिनी म्हणाल्या. "पसरलंय. डॉक्टर म्हणाले, आता करण्यासारखं काही राहिलं नाही. या थंडीपर्यंत, फार तर."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"त्यांनी शपथ घातली गं मला. म्हणाले, बारकीला कळलं तर ती मला गाडीवर बसू देणार नाही. आणि गाडीवर बसलो नाही तर मी थंडीची वाटच बघत नाही, उद्याच मरतो." एवढं बोलून वहिनींचा बांध फुटला. बारकीने त्यांना जवळ घेतलं, आणि दोघी त्या आवळलेल्या पॅंटींच्या ढिगाशेजारी बसून पोटभर रडल्या.

आता तुम्ही म्हणाल, बारकीने दादाला सांगून टाकायचं होतं. सांगा की तुम्ही! तुमचा भाऊ असेल तेव्हा सांगा. ज्या माणसाचं जेवण सुटलं, झोप सुटली, त्याला सकाळी उठवणारी एकच गोष्ट उरलीय, ती सात मिनिटांची फेरी, आणि तुम्ही त्याला जाऊन म्हणा की तुझा शब्द आता चुकतो, उतर खाली. बारकीची जीभ रेटेना. पण दादाच्या शब्दावर तेल भरलं तर गिऱ्हाइकं पडणार, तेही तिच्याने बघवेना. मग तिने चोरवाट काढली. दादा "शहाणी झाली" म्हणायचा. ती "वा" म्हणायची. दुपारी तो वर जाऊन आडवा झाला की ती गाडी परत खोलायची, पातळ तेल काढायची आणि मालकाच्या वजनाकडे बघून अंदाजाने जाड भरायची. अंदाजाने! बावीस वर्षांत तिने अंदाजाने कधी चमचाभर तेल ओतलं नव्हतं. रोज मालक गाडी घेऊन जाईपर्यंत तिचा जीव टांगणीला लागायचा.

पंधरा दिवस निभावलं. मग जुळ्यांच्या बापाची गाडी आली. जुळ्यांचा बाप रोज एका पोरीला पुढे आणि एकीला मागे बसवून शाळेत सोडायचा. सकाळी दादाने ती गाडी पास केली. दुपारी बारकीने सगळं खोलून जाड तेल भरलं, चाक बसवलं, हात धुतले. तेवढ्यात दादा जिना उतरून खाली आला.

"झोप लागत नाही," तो म्हणाला. "सकाळची ती गाडी छान झाली होती. अजून एक फेरी मारतो, मजा म्हणून."

"अरे, तो माणूस येईलच एवढ्यात," बारकी म्हणाली.

"येऊ दे की. सात मिनिटं तर."

ती अडवणार तरी काय सांगून? दादा गेला. बारकी दारात उभी राहिली. सात मिनिटं लागली नाहीत. तो चार मिनिटांतच परत आला. गाडी स्टँडवर लावली, पण उतरला नाही.

"ही सकाळची गाडी नाही."

"म्हणजे?"

"बारके, मला शिकवू नकोस. ही सकाळची गाडी नाही. कुणी हात लावला हिला?"

बारकी हातातलं फडकं पिळत उभी.

"तू माझ्या मागे गाडी खोललीस?" दादाचा आवाज चढला. "मी पास केलेली? किती दिवस चाललंय हे?"

"पंधरा."

"पंधरा दिवस! आणि मी येड्यासारखा उन्हातान्हात फेऱ्या मारतोय, आणि तू माझ्यासमोर वा वा करतेस? काय खेळ लावलाय? लहान पोराला खोटं स्टिअरिंग देतात तसं?" तो उतरायला गेला आणि त्याचा तोल गेला. बारकीने पुढे होऊन दंड धरला. जाकिटाच्या आत हात जवळजवळ पोकळीतच बंद झाला. दादाने तिच्याकडे पाहिलं. लपवायचं होतं ते आता तिच्या मुठीतच होतं.

"एकोणीस आलं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी. तीस नाही."

दादाला काही क्षण समजलं नाही. मग समजलं. बारकीने ते समजताना त्याच्या चेहऱ्यावर बघितलं, आणि तसलं काही पुन्हा बघायला लागू नये असं तिला वाटलं. तो सावकाश कट्ट्यावर बसला आणि जाकिटाची चेन उघडली. आत स्वेटर, स्वेटरच्या आत दोन शर्ट.

"म्हणजे डबे बेकार नव्हते," तो म्हणाला.

"नाही."

"मीच हलका झालो होतो, आणि मला वाटत होतं, गाड्या रुसल्यात." तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. मग एकदम त्याने मान वर केली. "बेकरीवाला. बेकरीवाला का पडला होता? तू म्हणालीस टायर झिजला होता."

बारकीने नाही म्हणून मान हलवली.

"त्याची बायको मागे असते रोज," दादा म्हणाला. "आणि ही गाडी... या गाडीवर दोन पोरी बसतात." त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या वर्षांत बारकीने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हाही तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. आता तो भरदुपारी, रस्त्यावरून माणसं जात असताना, हमसून हमसून रडला. आजारासाठी नाही. बारकीला ते पक्कं कळलं. तो रडत होता बेकरीवाल्याच्या कोपरासाठी. बारकी त्याच्या शेजारी बसली, आणि जुळ्यांचा बाप आला तेव्हा दोघांनी डोळे पुसून त्याला गाडी दिली आणि पोरींना जपून ने म्हणून बजावलं.

दुसऱ्या दिवशी दादा जाकीट न घालता खाली आला. नुसत्या शर्टात. बघवत नव्हतं, पण बारकीने बघितलं.

"माझी गाडी घे," तो म्हणाला. "तेल बदल."

"बरं." तिने पातळ तेलाचा डबा उचलला. दादाच्या आताच्या बावन्न किलोचं माप तिने मनात कधीच मांडून ठेवलं होतं. निदान एक गाडी तरी त्याला शेवटपर्यंत मऊ वाटावी.

"तो नाही," दादा म्हणाला. "तुझं वजन किती?"

"का?"

"सांग गं, लाजतेस काय? सगळ्या गल्लीला दिसतंय."

"चौऱ्याहत्तर."

"झकास. येणारी निम्मीअर्धी माणसं तेवढीच असतात. चौऱ्याहत्तरचं भर. आजपासून फेरी तू मारायचीस."

बारकीच्या हातून डबा पडायचाच बाकी होता. "मला चालवता येत नाही, दादा."

"मला कुठे येत होतं जन्मतः?"

तिने भरलं. प्रत्येक नळीत मापाच्या काचेतून तेल ओतताना तिने माप तीनदा बघितलं. मग ती बसली, आणि त्या दिवशी शाळेच्या भिंतीपर्यंत जाऊन, घामाने निथळत परत आली.

"बोल," दादा म्हणाला. "पुढचं चाक काय म्हणतं?"

"मला काय माहीत? मी फक्त मरत नव्हते एवढंच बघत होते!"

दादा इतका हसला की वहिनी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. त्यानंतर रोज. दादा कट्ट्यावर बसायचा, बारकी जायची आणि यायची. पहिल्यांदा दुसरा गिअर, मग तिसरा, मग उतार, मग फरशी. "हँडल आवळू नकोस. मनगटात शोधू नकोस, कोपर सैल सोड, तिथे कळतं." आठ दिवसांनी ती परत येऊन म्हणाली, "ब्रेकला खाली जाते, पण थांबते कुठेतरी." दादाने मांडीवर थाप मारली. महिन्याभरात ती टाकीला वळसा घालून यायला लागली, आणि टपालवाल्याच्या गाडीवरून उतरून, कुणी विचारायच्या आत म्हणाली, "ऐकते, पण उशिरा." दादाने फक्त मान हलवली. बेकरीवाल्याची गाडी दादाने मुद्दाम बोलावून घेतली आणि बारकीकडून पास करवून घेतली. बेकरीवाला दादाला बघून रडवेला झाला आणि दादा नको नको म्हणत असताना एक पेटी पाव ठेवून गेला.

थंडीच्या तोंडाला दादाला जिना उतरवेना. वहिनी आणि बारकी दोन बाजूंनी धरून आणायच्या. मग एके सकाळी तो कट्ट्यावर न बसता आपल्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला.

"मला एक फेरी मारून आण," तो म्हणाला.

"दादा, झेपेल का?"

"तू चालवणार, मला काय झेपायचंय? मी मागे बसतो. बावीस वर्षं पुढे बसलो, मागून कसं दिसतं ते तरी बघू."

वहिनींनी त्याला शाल पांघरली, वरून जाकीट घातलं, आणि तोंड फिरवून आत गेल्या. बारकी गाडीवर बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकवले, हँडल घट्ट धरलं नाही, कोपरं सैल सोडली. मागे माणूस बसला की गाडी मागून दबते आणि पुढचं हँडल किंचित हलकं होतं. हे आता तिला वही न बघता कळत होतं. गेल्याच आठवड्यात नर्सबाईंना मागे बसवलं होतं, तेव्हा तेवढ्याशा बाईचंसुद्धा वजन तिला हातात स्पष्ट कळलं होतं. ती दादाच्या बसण्याची वाट बघत थांबली. त्याला वेळ लागणार हे तिला माहीत होतं. तिने घाई केली नाही. समोर रस्ता मोकळा होता, ऊन नुकतंच शाळेच्या भिंतीवर आलं होतं. हँडल होतं तसंच होतं. ती आणखी थांबली.

"दादा," तिने शेवटी मान न वळवता विचारलं, "बसलास का?"

"केव्हाचा," तिच्या कानापाशी दादा म्हणाला. "चल."